एंजिनातील टकटक : जुन्या मोटारगाडीचे ध्वनिनिदान

मोटारगाडीचे एंजिन चालू असताना त्यातून ठराविक तालात येणाऱ्या कोरड्या, तुटक व धातूच्या आवाजाला सामान्यतः टकटक असे म्हणतात. हा आवाज हा स्वतः दोष नव्हे. परस्परांवर चालणाऱ्या दोन भागांतील फट प्रमाणाबाहेर वाढल्याचे अथवा कोठेतरी वायू किंवा वीज गळत असल्याचे ते लक्षण असते. एकाच प्रकारच्या वाटणाऱ्या आवाजाचे अर्थ मात्र फार भिन्न असू शकतात. झडपेची वाढलेली फट एक पाना व एक पातळ पट्टी यांच्या साहाय्याने तासाभरात नीट करता येते; याउलट झिजलेल्या धारव्यावर (फिरत्या दंडाला आधार देणाऱ्या भागावर) गाडी तशीच दामटल्यास थोड्याच अंतरात भुजादंड म्हणजे क्रँक निकामी होतो. यामुळे एंजिन उघडण्यापूर्वी आवाजाचे उगमस्थान निश्चित करणे महत्त्वाचे ठरते. निष्कारण उघडलेल्या जुन्या एंजिनाची जोडणी पूर्वीइतकी घट्ट क्वचितच होते आणि त्याचे सुटे भागही आता सहज मिळत नाहीत.

येथील विवेचन मुख्यतः भारतात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या गाड्यांना अनुसरून केले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली व तिचे उत्पादन सु. २००० पर्यंत चालू होते. तिचे एंजिन चार सिलिंडरांचे व १,०८९ घ.सेंमी. धारणक्षमतेचे आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत १९५९ पासून १,४८९ घ.सेंमी. चे ब्रिटिश बी-मालिकेतील एंजिन बसविण्यात येऊ लागले. गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. या दोन्ही एंजिनांत कॅमदंड खाली ठोकळ्यात व झडपा वर माथ्यात असतात. कॅमची हालचाल टॅपेट, ढकलदांडा (पुशरॉड) व रॉकर यांच्या मार्फत झडपेपर्यंत पोहोचते. या साखळीतील प्रत्येक सांधा हे आवाजाचे संभाव्य स्थान होय. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत कॅमदंड माथ्यावर असल्याने ढकलदांडे नाहीत, परंतु रॉकर व त्यांचे फट-जुळणी स्क्रू आहेतच.

आवाजाचा ताल : चार धावांच्या म्हणजे फोर-स्ट्रोक एंजिनात भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमदंडाचा एक फेरा होतो. एंजिन भाराशिवाय मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर कोणतीही एक झडप मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सातपेक्षा काही कमी वेळा उघडते. भुजादंडावरील धारव्याचा ठोका दर फेऱ्याला पडत असेल, तर तो सेकंदाला सु. १३ वेळा ऐकू येईल. पहिला ताल सरावलेल्या कानाला जवळजवळ मोजता येतो. दुसरा मोजता येत नाही, पण तो दुप्पट जलद आहे हे जाणवते. प्रज्वलनाची वेळ जुळविण्यासाठी वापरला जाणारा लखलखता दिवा (टायमिंग लाइट) पहिल्या सिलिंडरच्या तारेला जोडला, तर तो दर दोन फेऱ्यांस एकदा चमकतो. दर चमकेस एक टक ऐकू आल्यास उगम कॅमदंडाच्या बाजूस, दोन ऐकू आल्यास भुजादंडाच्या बाजूस, असा ढोबळ नियम सांगतात.

हा नियम पुस्तकांत मांडला जातो तितका निर्दोष मात्र नाही. दट्ट्यावर (पिस्टनवर) ज्वलनाचा दाब दर दोन फेऱ्यांतून एकदाच येतो. त्यामुळे सैल दट्ट्याचा किंवा संयोगदांड्याच्या धारव्याचा जोराचा ठोकाही कित्येकदा कॅमच्याच तालात ऐकू येतो व मधला हलका ठोका लपून राहतो. तसेच आठही झडपा सैल असतील, तर ८०० फेऱ्यांना सेकंदाला ५३ ठोके पडतात. मग ताल असा उरतच नाही, शिवणयंत्रासारखी सलग खडखड तेवढी ऐकू येते. तालाची कसोटी एकच भाग सदोष असताना उपयोगी पडते. त्यामुळे आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे. उष्णता, भार, फेऱ्यांची गती व एकेका सिलिंडरचे ज्वलन यांपैकी एक गोष्ट बदलावी आणि आवाजावर काय परिणाम होतो ते ऐकावे, ही या निदानाची मूळ रीत होय.

झडपयंत्रणेतील टकटक : जुन्या एंजिनातील टकटकीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो, म्हणून रॉकर व झडप यांत मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. अँबॅसडरच्या बी-मालिकेतील पेट्रोल एंजिनात ती सामान्यतः ०.३८ मिमी. ठेवतात. फट असूनही मोठा आवाज का येत नाही, याचे उत्तर कॅमच्या आकारात आहे. कॅमच्या उंचवट्यापूर्वी अगदी मंद चढाचा एक लहान भाग असतो. फट या चढावर हळूहळू मिटते व त्यानंतरच झडप वेगाने उचलली जाते. झडप परत बसताना उलट क्रमाने हेच घडते. फट चढाच्या उंचीपेक्षा जास्त झाली, की रॉकर झडपेवर कॅमच्या उभ्या बाजूच्या वेगाने आदळतो आणि झडपही आपल्या बैठकीवर आदळून बसते. हाच टकटकीचा जन्म होय. यामुळेच फट थोडी वाढली की आवाज थोडा वाढतो असे होत नाही. एका मर्यादेनंतर तो एकाएकी उठून ऐकू येतो आणि गाडीचा मालक ‘कालपर्यंत काहीच नव्हते’ असे सांगतो तेव्हा ते खरेच असते.

अशा वेळी रॉकरवरील झाकण काढून एंजिन मंद चालवितात व प्रत्येक रॉकर आणि झडप यांमध्ये फीलर गेजची पट्टी क्रमाने सारतात. जिच्यात पट्टी सरकताच आवाज थांबतो ती झडप सदोष होय. फट जुळविण्यासाठी अँबॅसडरच्या एंजिनात मिस्त्रीलोक नवाचा नियम वापरतात : पुढून मोजता ज्या क्रमांकाची झडप पूर्ण उघडी असेल, तो क्रमांक नवातून वजा करून येणाऱ्या क्रमांकाची झडप पूर्ण मिटलेली असते आणि तिचीच फट तपासावयाची. पहिली उघडी असता आठवी, तिसरी उघडी असता सहावी, याप्रमाणे. फट एंजिन थंड असताना पाहावयाची की गरम असताना, याविषयी कारखान्याची सूचना पाळावी लागते. ती गाडीगणिक वेगळी असते.

फट बिनचूक जुळवूनही टकटक राहिली, तर बहुधा रॉकरचे टोक झिजून त्यास खळगा पडलेला असतो. सपाट पट्टी खळग्याच्या दोन काठांवर टेकते, त्यामुळे पट्टीने दाखविलेल्या फटीपेक्षा प्रत्यक्ष फट जास्त राहते. अशा रॉकरचे टोक घासून सपाट करावे लागते किंवा रॉकर बदलावा लागतो. रॉकर ज्या दंडावर डोलतात त्याची खालची बाजू झिजली असल्यास रॉकर हाताने वरखाली हालतो. या दंडाकडे जाणाऱ्या तेलमार्गात गाळ बसला असेल, तर रॉकर कोरडे दिसतात आणि सर्व झडपा एकदम वाजू लागतात. झाकण उघडल्यावर प्रथम पाना हाती न घेता रॉकरवर तेल येते किंवा नाही हे पाहणे इष्ट असते. नुसती फट कमी करून असा आवाज दाबता येतो, पण दंड व रॉकर यांची झीज चालूच राहते.

फट आवश्यकतेपेक्षा कमी ठेवून एंजिन ‘शांत’ करण्याची सवय सर्वांत घातक होय. निष्कास झडपेतील उष्णतेचा मोठा भाग ती बैठकीवर टेकलेली असतानाच माथ्याकडे जातो. फट नसली, तर एंजिन तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही. तप्त वायू कडेतून निसटत राहतात व झडपेची कड जळून खाच पडते. या संदर्भात पेट्रोलमधील बदलाचाही विचार करावा लागतो. ऑक्टेन अंक वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली होती. हे शिसे झडपेच्या बैठकीवर पातळ थर तयार करून तिचे रक्षणही करीत असे. भारतात शिसेरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशभर आले. अँबॅसडरच्या जुन्या एंजिनात बैठका ओतीव लोखंडाच्या माथ्यातच कापलेल्या असतात. शिशाचा थर नसता, विशेषतः दीर्घकाळ वेगाने चालविल्यास, त्या खचत जातात. बैठक खचली की झडप वर सरकते व फट कमी होते. म्हणजे वर्षानुवर्षे हलकेच टकटकणारे एंजिन कोणतीही दुरुस्ती न करता आपोआप शांत झाले, तर ती सुधारणा नसून झडप जळण्याची पूर्वसूचना असण्याचा संभव असतो. जुन्या मिस्त्रींत ‘वाजणाऱ्या झडपेपेक्षा न वाजणाऱ्या झडपेची काळजी घ्यावी’ असे म्हटले जाते, त्यात बरेच तथ्य आहे. माथ्यात कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे हा यावरील कायमचा उपाय होय.

द्रवीय टॅपेट असलेल्या एंजिनांत फट तेलाच्या दाबाने आपोआप मिटते. अशी योजना कॅडिलॅकच्या १९३० मधील सोळा सिलिंडरांच्या गाडीत होती. त्यांत गाडी सुरू केल्यावर काही क्षण टकटक होऊन ती थांबणे स्वाभाविक असते. पद्मिनी, अँबॅसडर व जुनी जीप यांत असे टॅपेट नाहीत, म्हणून या गाड्यांत ‘तेल चढले की थांबेल’ ही समजूत लागू पडत नाही.

दट्ट्या, संयोगदांडा व भुजादंड यांचे ठोके : हे आवाज झडपेच्या आवाजापेक्षा खालच्या स्वराचे व अधिक भरीव असतात, परंतु लोखंडी ठोकळ्यातून येताना त्यांचे स्वरूप बदलत असल्याने केवळ स्वरावर विसंबणे धोक्याचे आहे. येथे प्लगची चाचणी निर्णायक ठरते. एंजिन मंद चालू असता एकेका सिलिंडरच्या प्लगची तार विद्युत् निरोधक मुठीच्या चिमट्याने काढून ती एंजिनाच्या धातूला टेकवितात. त्या सिलिंडरमधील ज्वलन थांबून दट्ट्यावरचा दाब नाहीसा होतो. आवाज लगेच मंदावला, तर दोष त्याच सिलिंडरच्या दट्ट्यात, त्याच्या खिळीत किंवा संयोगदांड्याच्या धारव्यात आहे. झडपेच्या आवाजात या चाचणीने फारसा फरक पडत नाही. तार नुसती लोंबत ठेवू नये. उच्च दाबाची वीज वाट शोधताना वितरकाचे झाकण किंवा कॉइल फोडते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व निष्कास नळीत उत्प्रेरक असलेल्या अलीकडच्या गाड्यांत ही चाचणी करू नये, कारण न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन तो जळतो.

सिलिंडर ठरल्यावर पुढील भेद उष्णता व भार यांवरून करतात. दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज पोकळ असतो. थंड एंजिनात तो मोठा असतो व अॅल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगला की कमी होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर जाड तेल सोडल्यावर तो काही वेळ नाहीसा होत असेल, तर निदान पक्के समजावे. असे एंजिन तेल खाते व धूर देते, परंतु जपून वापरल्यास कित्येक वर्षे चालू शकते. संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजल्यास याच्या उलट घडते : थंड असताना जाड तेलामुळे ठोका दबलेला असतो आणि एंजिन तापल्यावर तो वाढतो. गती वाढवून प्रवेगक एकदम सोडला, तर त्या क्षणी दोन ठोके लागोपाठ स्पष्ट ऐकू येतात. सोबत तेलाचा दाब उतरलेला असल्यास गाडी तेथेच थांबविणे आवश्यक असते. अशा अवस्थेत धारव्याचा मऊ मिश्रधातू वितळून भुजादंडाचा गुळगुळीत पृष्ठ ओरखडला जातो. तो घासून लहान मापाचा करावा लागतो व प्रत्येक घासणीनंतर पुढच्या मापाचे धारवे मिळवावे लागतात. मुख्य धारव्याचा ठोका ठोकळ्याच्या तळातून, भार दिल्यावर, धप्प असा येतो. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या तारा एकाच वेळी काढल्यास तो अधिक मंदावतो.

टकटकीचे भास : मूळ एंजिनाशी संबंध नसलेले काही आवाज हुबेहूब टकटकीसारखे असतात आणि एंजिन निष्कारण उघडले जाण्यास तेच अधिक कारणीभूत होतात. निष्कास नळ्यांच्या जोडावरील गॅस्केट फुटल्यास दर ज्वलनाला वायूचा फटका बाहेर पडतो. हा आवाज सकाळी थंड एंजिनात तीव्र असतो, लोखंड तापून फट मिटली की नाहीसा होतो व जोडापाशी काजळीचा पट्टा उमटतो. सैल प्लगभोवतीही असेच घडते. तारेचे वेष्टन तडकलेले असल्यास ठिणगी बाहेर उडून टिकटिक होते. रात्री दिवे मालवून पाहिल्यास निळसर ठिणगी दिसते. कॅमदंडावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या भुजेची स्प्रिंग मऊ झाल्यास ती कॅमच्याच तालात वाजते आणि झडपेचा दोष समजून लोक माथा उघडतात. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत असलेला एस.यू. विद्युत् पंप तर एंजिन सुरू नसतानाही, किल्ली फिरविताच टिकटिकतो. तो त्याचा स्वभावच आहे. पंखा, पट्टा किंवा पाण्याचा पंप यांविषयी शंका असल्यास पट्टा काढून एंजिन मिनिटभर चालविणे पुरेसे असते.

आवाजाचे स्थान शोधण्यासाठी लांब पेचकसाचे टोक संशयित भागावर टेकवून मूठ कानाजवळील हाडाला लावतात. पोलादातून ध्वनी हवेतल्यापेक्षा सु. पंधरापट वेगाने व फारसा न विखुरता येतो. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपला धातूची सळई जोडूनही हे काम होते. मात्र फिरता पंखा व पट्टा यांपासून सैल कपडे दूर ठेवावे लागतात.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती : विदर्भातील हवामान व जमीन यांचा या निदानाशी निकटचा संबंध आहे. वर्धा येथे एप्रिल-मे मध्ये दुपारचे तापमान ४५° से. च्या आसपास जाते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर जाम व हिंगणघाट या बाजूने सलग वेगाने आलेल्या जुन्या गाडीतील तेल १००° से. च्या वर तापणे अवघड नाही. तापमानाबरोबर तेलाची श्यानता झपाट्याने घटते. एस.ए.ई. ४० प्रतीच्या तेलाची श्यानता १००° से. ला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, तर एस.ए.ई. ३० प्रतीच्या तेलाची ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते. झिजलेल्या एंजिनात हा फरक कानाला ऐकू येतो. अशा गाड्यांना उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल सोसते. अलीकडच्या गाड्यांसाठी केलेले पातळ तेल ‘भारी’ म्हणून घातल्यास पूर्वी नसलेली टकटक सुरू होते. याउलट डिसेंबरातील पहाटेची टकटक तेलाऐवजी बहुधा दट्ट्याची किंवा निष्कास गॅस्केटची असते. यामुळे तक्रार कोणत्या ऋतूतील व कोणत्या वेळेची, हे विचारणे हा निदानाचाच भाग होय.

तेल पातळ होण्याचे दुसरे एक कारण सहसा लक्षात घेतले जात नाही. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल थेट तेलकुंडात झिरपते. तेलपट्टीवर पातळी न घालताही वाढलेली दिसणे व तेलाला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण. अशा स्थितीत धारवे वाजू लागतात. वेळीच पडदा व तेल बदलल्यास ते पुन्हा शांत होतात, आणि भुजादंड काढण्याचा मोठा खर्च वाचतो.

काळ्या जमिनीतील कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात बारीक धूळ उडते. हवेच्या गाळणीतून निसटलेली धूळ सिलिंडरचा वरचा भाग झिजविते व दट्ट्याचा आवाज अकाली सुरू होतो. जुन्या जीपमध्ये हवा तेलातून गाळून घेतली जाते. त्या गाळणीच्या तळातील तेल चिखलासारखे होऊ न देणे एवढेच करावे लागते. हिंगणघाट, पुलगाव यांसारख्या कापसाच्या बाजारपेठांत हंगामात हवेत तरंगणारे तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकतात. पाणी तापले की मिश्रण वेळेआधी व एकदम पेट घेऊ लागते आणि चढावर किंवा भार असताना खुळखुळ्यासारखा तीक्ष्ण आवाज येतो. हा आवाज फटींचा नसून ज्वलनाचा असतो. प्रवेगक सैल सोडताच तो थांबतो. प्रज्वलनाची वेळ थोडी मागे घेणे, जाळी धुणे व ज्वलनकक्षातील कोळसा काढणे हे त्यावरील उपाय होत. तो दीर्घकाळ दुर्लक्षिल्यास दट्ट्याचा माथा फुटतो.

ग्रामीण भागात दीर्घकाळ वापरात राहिलेल्या महिंद्र जीपच्या हरिकेन एंजिनाची रचना वेगळी आहे. त्याच्या आदान झडपा माथ्यात व निष्कास झडपा ठोकळ्याच्या बाजूस असतात. वरचे झाकण उघडून आदान झडपांच्या फटी जुळविल्या, तरी टकटक कायम राहते असा अनुभव येतो, कारण निष्कास झडपांचे टॅपेट ठोकळ्याच्या बाजूच्या झाकणाआड असतात व तेथे हात पोचणे अडचणीचे असल्याने ते तसेच सोडून दिले जातात. अँबॅसडरच्या डीझेल प्रकारात प्लग नसतात. तेथे एकेका अंतःक्षेपकाच्या नळीची चकती थोडी सैल करून इंधन थांबवितात व वर सांगितलेली चाचणी त्याच रीतीने करतात. डीझेलचा स्वाभाविक ठोका मोठा असल्याने झडपेची टकटक त्यात बुडून जाते, म्हणून तिच्या फटींची तपासणी आवाजाची वाट न पाहता ठराविक अंतराने करावी लागते.